गोळी बरोबर लागली, तरी हरीण गेलं: लहान कॅलिबरचं दुखणं शोधायचं कुठे?

नोव्हेंबरचा पहिला शनिवार आला की टेक्सासात हरणांचा रायफल-मोसम उघडतो, आणि सोमवारपर्यंत माझ्या फोनवर ठरलेली तक्रार येऊन पडलेली असते. माणूस वेगळा, मजकूर तोच. नेम बरोबर होता. गोळी लागल्याचा तो ‘थप्’ आवाजही ऐकला. हरीण उसळलं, सीडरच्या झुडपांत घुसलं, आणि जमिनीवर रक्ताचा थेंब नाही. मग शेवटी प्रश्न: ".२२३ हरणाला कमीच पडते ना? आता .३०८ घेऊन टाकू?" (हे आकडे म्हणजे कॅलिबर: नळीचा अंदाजे व्यास, इंचांत.)

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच. तिथे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार गुन्हा आहे. इथे लिहितोय ते अमेरिकेतल्या परवाना घेऊन, टॅग लावून, मोसमात होणाऱ्या शिकारीबद्दल.

माझं उत्तर दर वर्षी एकच असतं: रायफल बदलायच्या आधी जनावर उघडून बघा. काय चुकलं ते त्या छातीत लिहिलेलं असतं. जनावर सापडलंच नसेल तर निदान काडतुसांची पेटी समोर घ्या आणि गोळीचं वजन, जात आणि नाव मला वाचून दाखवा. बऱ्याचदा पेटी वाचता वाचताच समोरचा माणूस मध्येच गप्प होतो.

मीही असाच एकदा गप्प झालो होतो.

माझ्याकडे .२४३ विंचेस्टर होती, आणि अजून तीच आहे. त्या वर्षी कायोटींसाठी, म्हणजे कोल्ह्यासारख्या रानकुत्र्यांसाठी, घेतलेली एक पेटी कपाटात अर्धी उरली होती. साठ ग्रेनच्या (गोळीच्या वजनाचं माप) आतबाहेरची हलकी गोळी. तिनं शंभर यार्डांवर कागदावर तीन भोकं जवळजवळ एकात एक पाडलेली, त्यामुळे माझा जीव तिच्यावर. मोसमाच्या दुसऱ्या दिवशी मका टाकणाऱ्या फीडरखाली एक मोठी मादी आली. ऐंशी यार्ड, थोडी माझ्याकडे तोंड करून उभी. मी फऱ्याच्या सांध्यावर नेम धरला. बार झाला, ती गुडघ्यावर आली, उठली आणि तीन पायांवर पळाली.

दोन तासांनी ओढ्याच्या काठी ती दिसली, तेव्हा जिवंत होती. दुसरी गोळी घालावी लागली. सोलताना बघितलं तर फऱ्यावर तळहाताएवढं भगदाड, मांसाचा लगदा, हाडाच्या चकत्या आणि तांब्याच्या कवचाचे नखाएवढे तुकडे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, तोफच लागली. पण त्या लगद्याखालच्या बरगड्या शाबूत होत्या, फुप्फुसाला ओरखडाही नव्हता. गोळी दोन-तीन इंचांत फुटून संपली होती. दोन तास त्या जनावरानं जे भोगलं त्याचं कारण माझा आळस. कपाटातली अर्धी पेटी संपवायची होती, एवढंच.

ती गोळी खराब नव्हती, ती तिचं काम चोख करत होती. प्रेअरी डॉग (बिळात राहणारा खारीच्या जातीचा प्राणी) किंवा कायोटीसाठी बनवलेल्या गोळीचं कवच मुद्दाम पातळ ठेवतात, आतलं शिसं मऊ असतं आणि टोकाला प्लास्टिकची कणी असते. काही लागलं की क्षणात चुरा व्हायचा. त्यामुळे लहान जनावर जागेवर संपतं आणि दगडावर आपटून उसळणाऱ्या गोळीचा धोकाही कमी होतो. हरणाच्या फऱ्याशी गाठ पडली की हाच गुण दोष होतो. हरणाच्या गोळीचं कवच जाड असतं, काहींत शिसं कवचाला वितळवून जोडलेलं असतं, काहींत मध्ये तांब्याचा पडदा असतो, काही तर सबंध तांब्याच्या. पुढचा भाग फुलतो, पण मागचा भाग एकसंध राहून आत जात राहतो.

आणि हे फक्त लहान कॅलिबरचं दुखणं आहे असंही नाही. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉझलर नावाच्या शिकाऱ्याच्या गोळ्या चिखलानं माखलेल्या मूसच्या, म्हणजे तिथल्या प्रचंड हरणाच्या, आत शिरेनात. त्याच्या हातात .३०० एच अँड एच मॅग्नम होती, म्हणजे दांडगी रायफल. गोळ्या वरच्या वर फुटत होत्या. त्यानं मग मध्ये पडदा असलेली गोळी बनवली आणि १९४८ पासून ती विकायला लागला. तीच पार्टिशन आजही मिळते. मोठ्या रायफलला खराब बांधणीची गोळी थोडीफार परवडते, कारण वजन जास्त असतं आणि निम्मी फुटली तरी निम्मी उरते. .२२३ मध्ये बहुतेक ५५-६० ग्रेनच असतात. त्यातल्या निम्म्या वाटेत सांडल्या तर पुढे जायला राहिलं काय?

पेटीवरच्या ऊर्जेच्या आकड्यानं म्हणूनच फसगत होते. ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला ३,२४० फूट वेगानं निघाली तर नळीच्या तोंडाशी सुमारे १,२८० फूट-पाउंड ऊर्जा येते. गोळी पातळ कवचाची असो, सैनिकी असो की हरणाची, आकडा तोच. हरणाच्या आत तिघींचा प्रवास मात्र तीन तऱ्हांचा. ऊर्जेपेक्षा मी दोन गोष्टी बघतो: गोळीची बांधणी, आणि व्यासाच्या मानानं तिचं वजन. ५५ ग्रेनच्या .२२४ इंची गोळीची छेद-घनता (या दुसऱ्या गोष्टीचंच माप) ०.१५७ येते, १०० ग्रेनच्या .२४३ ची ०.२४२. लांब खिळा आत जातो, आखूड खिळा वाकतो, तसंच हे.

जनावर उघडल्यावर काय दिसलं?

उथळ, मोठं भगदाड आणि आत काही नाही: वर सांगितलंच. पेटी बदला, रायफल तीच ठेवा. एक सावधगिरी. टोकाच्या कणीचा रंग बघून गोळी ओळखू नका. एकाच रंगाची कणी हलक्या गोळीलाही असते आणि हरणाच्या गोळीलाही. वजन आणि नाव दोन्ही वाचा. मी आता कायोटीची काडतुसं वेगळ्या खोलीत ठेवतो आणि त्या पेटीवर मार्करनं मोठी फुली मारतो.

दोन्हीकडे पेन्सिलीएवढं भोक, आत बारीक बोगदा: ही फुल-मेटल-जॅकेटची, म्हणजे संपूर्ण कवचाची गोळी. सरावाची स्वस्त .२२३ बहुतेक अशीच असते. कधी आत लोळते, कधी सरळ आरपार जाते, भरवसा नाही. बऱ्याच राज्यांत हरणावर ती चालवणं बेकायदा आहे, आणि नसतं तरी मी चालवली नसती. नेमबाजीच्या स्पर्धेच्या, टोकाला बारीक भोक असलेल्या गोळ्यांचंही तसंच. कागदावर देखण्या, आत गेल्यावर लहरी. काही जण त्यांनी वर्षानुवर्षं हरणं मारतात हे मला माहीत आहे. त्यांच्याशी वाद घालत नाही, त्यांच्या पेटीला हातही लावत नाही.

फुप्फुसांचा चेंदा झालेला, पण पलीकडे भोक नाही: हे सगळ्यात जास्त वेळा दिसतं आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो.

गेल्या मोसमात भाचा माझ्या .२२३ सह टॉवर ब्लाइंडमध्ये, म्हणजे उंच मचाणावरच्या आडोशात, बसला होता. नव्वद यार्डांवरची आडवी उभी मादी. बार झाल्यावर पंधरा मिनिटांनी त्याचा फोन. "मामा, चुकलो वाटतं. तू म्हणालास तिथेच नेम धरला होता, पण रक्त कुठेच नाही." मी म्हटलं, "चुकला नाहीस. तिथेच बस, मी येईपर्यंत उतरू नकोस." पोचल्यावर दोघं मका सांडलेल्या जागेपाशी गेलो. चुनखडीच्या पांढऱ्या दगडांवर चार-पाच तपकिरी केस, बस्स. तिथून सीडरच्या रांगेकडे खुरांचे ठसे, मागच्या खुरांनी माती खोल उकरलेली. साठ पावलांवर मादी पडलेली होती, तोंडाशी गुलाबी फेस.

उघडली तर दोन्ही फुप्फुसं जेलीसारखी. गोळी पलीकडच्या कातडीखाली अडकलेली, छत्रीसारखी फुललेली. म्हणजे काडतुसानं काम केलं, गोळीनं केलं, पोरानंही केलं. तक्रार उरली ती फक्त मागाची. का? ब्लाइंड उंचावर, त्यामुळे गोळी बरगड्यांच्या वरच्या भागातून तिरकी खाली शिरली. प्रवेशाचं भोक वर आणि बारीक, खाली बाहेर पडायचं भोक नाहीच. छातीचा हौद आतल्या आत भरत जातो, काठोकाठ भरेपर्यंत बाहेर थेंब येत नाही. तेवढ्यात हरीण पन्नास-शंभर यार्ड सहज जातं. दोन्ही फुप्फुसं गेलेलं हरीणही पळतंच. मोठ्या कॅलिबरनं मारलेलंही पळतं, फक्त पलीकडच्या मोठ्या भोकातून रंग सांडत जातो म्हणून लवकर सापडतं.

इथे उपाय दोन. एक म्हणजे आरपार जाईल अशी गोळी घेणं: सबंध तांब्याची किंवा जोडलेल्या गाभ्याची. दुसरा फुकटचा. बार झाल्यावर हरीण शेवटचं कुठल्या झाडापाशी दिसलं ते डोक्यात पक्कं करायचं आणि त्या झाडावरची नजर हलवायची नाही. भाच्यानं ते केलं होतं, म्हणून साठ पावलं. नाहीतर अख्खी दुपार गेली असती.

पोटात हिरवट घाण, गोळी बरगड्यांच्या मागे: याला गोळी काय करणार? हा नेमाचा किंवा घाईचा दोष. जागेवर पांढरे केस दिसले तर पोटाचा संशय धरा. गडद, काळपट लाल रक्त असेल तर यकृत. यकृताला निदान चार तास आणि पोटाला सहा ते बारा तास थांबायचं. मागे धावलात तर ते उठून पुढच्याच्या लीजवर, म्हणजे दुसऱ्यानं शिकारीसाठी भाड्यानं घेतलेल्या जमिनीवर, जाऊन पडेल.

कागदावरच गोळ्या विखुरल्या तर

कधी दुखणं जनावरापर्यंत पोचतही नाही. कोणीतरी सांगतं की हरणासाठी जड गोळी घे, तो घेतो, आणि एका इंचात बसणारी रायफल अचानक सहा इंचांत पसरते. कागदावर भोक गोल न पडता लांबट पडलं, तर गोळी आडवी होऊन जातेय. यात दोष नळीच्या पिळाचा. नळीत कोरलेले आटे गोळीला फिरवतात. १:१० म्हणजे दहा इंचांत एक फेरा. गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट लागतो. लक्षात ठेवायचं ते लांबी, वजन नव्हे. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि जास्त घट्ट पीळ मागते. जुन्या .२२३ ची नळी १:१२ असेल तर ५५ ग्रेनची शिशाची गोळी सुखानं जाईल, ६२ ची तांब्याची जाणार नाही. १:९ किंवा १:८ असेल तर तीच छान बसते. .२२-२५० मध्ये ही अडचण फारच येते, कारण वेग जबरदस्त असला तरी कित्येक रायफलींचा पीळ १:१४ असतो. तो हलक्या गोळ्यांसाठीच ठेवलेला.

या पिळानं एका काडतुसाचं नशीबच फिरवलं होतं. १९५५ मध्ये दोन सहा-मिलिमीटरी काडतुसं बाजारात आली: विंचेस्टरचं .२४३ आणि रेमिंग्टनचं .२४४. रेमिंग्टनच्या काडतुसात दारू थोडी जास्तच मावत होती. पण त्यांनी ते किरकोळ जनावरांसाठी धरलं आणि नळीला १:१२ पीळ दिला. विंचेस्टरनं १:१० दिला आणि सोबत १०० ग्रेनची गोळी. लोकांना एकच रायफल उन्हाळ्यात कायोटीला आणि हिवाळ्यात हरणाला हवी होती, ते विंचेस्टरकडे गेले. १९६३ मध्ये रेमिंग्टननं तेच काडतूस ‘६ मिमी रेमिंग्टन’ या नव्या नावानं १:९ पिळासह आणलं, पण तोवर गाडी निघून गेली होती. जुनी .२४४ कोणी स्वस्तात देत असेल तर पीळ तपासूनच घ्या. साफसफाईच्या सळईवर घट्ट बसणारी चिंधी गुंडाळून आत ढकला आणि एक फेरा किती इंचांत होतो ते मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी एक: गोळीची जात बदलली की निशाण बदलतं. एका पेटीवर शून्य केलेल्या, म्हणजे नेम जुळवलेल्या, दुर्बिणीनं दुसरी पेटी चार इंच डावीकडे मारू शकते. शिशाच्या गोळ्यांवरून तांब्याच्या गोळ्यांवर जाताना नळी आतून नीट साफ करून घ्या, नाहीतर पहिले काही बार भलतीकडे जातात आणि उगीच नव्या गोळीला नावं ठेवली जातात.

आखूड नळी आणि लांब पल्ला

पेटीवरचा वेग बहुतेक २४ इंची चाचणीच्या नळीतून मोजलेला असतो. तुमच्या एआर जातीच्या अर्धस्वयंचलित रायफलची नळी १६ इंची असेल तर .२२३ मध्ये दोनेकशे फूट वेग तिथेच गेला. तांब्याची गोळी साधारण १,८०० ते २,००० फूट वेगाखाली नीट फुलत नाही, मग पुन्हा पेन्सिलीचा बोगदा. म्हणून आखूड नळीच्या .२२३ ला मी दीडशे यार्डांच्या पुढे हरणावर उचलत नाही. गोळी त्याच्याही पुढे मारू शकेल, पण दोनशे यार्डांवर वारा ५५-६० ग्रेनच्या गोळीला किती सरकवतो ते मी कागदावर पाहिलं आहे.

मग घ्यायचं काय?

.२२३ असेल तर ६० ग्रेनची पार्टिशन, किंवा पीळ पुरत असेल तर ६२ च्या आसपासची जोडलेल्या गाभ्याची नाहीतर तांब्याची. आडवं किंवा किंचित पाठमोरं उभं हरीण, पुढच्या पायाच्या मागच्या कडेवरून सरळ वर, अंगाच्या खालच्या एक-तृतीयांशावर नेम. समोरून तिरकं उभं असेल तर घोडा दाबायचा नाही. फऱ्याचं हाड फोडून आत जाण्याचं काम या काडतुसाकडून करवून घेऊ नये, जमलं तरी. आमच्या हिल कंट्रीतली, म्हणजे मध्य टेक्सासच्या टेकड्यांतली, हरणं अंगानं लहान, तिथे हे पुरतं. उत्तरेतल्या धिप्पाड नराला मी .२२३ नेणार नाही.

.२४३ मध्ये ९० ते १०० ग्रेन, किंवा ८० ग्रेनची तांब्याची. १०० ग्रेनची गोळी २,९६० फुटांनी निघते, तोंडाशी १,९५० च्या जवळ फूट-पाउंड, आणि खांद्याला धक्का .३०-०६ च्या साधारण निम्मा. पोरांना आणि हलक्या खांद्याच्या माणसांना मी डोळे मिटून हीच देतो. धक्क्याला घाबरून डोळे मिटणाऱ्याच्या हातातली .३०८ ही डोळे उघडे ठेवणाऱ्याच्या .२४३ पेक्षा केव्हाही दुबळी. .२५७ रॉबर्ट्स, १९३४ पासूनची, मला मनापासून आवडते, पण काडतुसं शोधत फिरावं लागतं. ६.५ क्रीडमूरला लहान म्हणणं मला पटत नाही, म्हणून ती इथे घेतलेली नाही.

राज्याचा नियम आधी बघा. टेक्सासात .२२३ चालते, पण .२२ लाँग रायफलसारखी रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारं काडतूस) पांढऱ्या शेपटीच्या हरणावर चालत नाही. व्हर्जिनियात किमान .२३ लागते, म्हणजे .२२३ बाद. कोलोरॅडोत किमान .२४, हरणासाठी निदान ७० ग्रेनची फुलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर १,००० फूट-पाउंड. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंद, तिथे तांब्याशिवाय गत्यंतर नाही.

सापडलेली प्रत्येक गोळी मी धुऊन, दारू मोजायच्या ताजव्यावर टाकून, तारखेसह डबीत ठेवतो. भाच्याच्या त्या मादीतली ६० ग्रेनची गोळी ३९ भरली. माझ्या .२४३ मधली ९५ ग्रेनची एक ६१. त्या पहिल्या मादीच्या फऱ्यातून वेचलेले कवचाचे तुकडेही त्याच डबीत आहेत, सगळे मिळून १४ ग्रेन. या वर्षी ८० ग्रेनची तांब्याची आणली आहे. नळी साफ झाली, कागद लावायचा बाकी आहे.